मंद आचेचा प्रश्न

मराठीत पाकशास्त्राच्या पुस्तकांची समीक्षा होत नाही. कवितासंग्रहांवर परिसंवाद होतात, आत्मकथनांवर प्रबंध लिहिले जातात. पण ज्या पुस्तकांनी कित्येक पिढ्यांना काय शिजवावे आणि काय शिजवू नये हे शिकविले, त्यांना वाङ्मय मानण्याची गरज आपल्या समीक्षकांना वाटली नाही. दलित समीक्षाही याला अपवाद नाही. आपण प्रस्थापितांच्या काव्यशास्त्राला नकार दिला, सौंदर्यशास्त्राला नकार दिला. पाकशास्त्र मात्र बायकांचे म्हणून सोडून दिले. या लेखात मी एका पदार्थाची कृती एखाद्या वाङ्मयीन संहितेसारखी वाचणार आहे. तो पदार्थ म्हणजे मंद आचेच्या भट्टीत तासन्‌तास शिजणारा बीफचा स्टू.

इंग्रजी पाकपुस्तकांत ही कृती हमखास सापडते, आणि तिच्या मथळ्याला बहुधा दोन विशेषणे चिकटलेली असतात: 'सोपा' आणि 'घरच्या सर्वांसाठी'. कृती दहाबारा ओळींची. जनावराच्या खांद्याचे किंवा पिंडरीचे मांस घ्या, मोठे तुकडे करा, जाड भांड्यात लालसर परता, कांदा, गाजर, बटाटे टाका, पाणी किंवा वाइन ओता, झाकण लावा आणि दीडशे अंशांच्या ओव्हनमध्ये तीन तास ठेवून द्या. मग आपापल्या कामाला जा. खरोखरच सोपे आहे. इतके सोपे की, माझ्यासारख्याला ते अवघड वाटू लागते. कारण या दहाबारा ओळींनी पुष्कळ काही गृहीत धरलेले आहे, आणि त्या गृहीतांविषयी कृती अवाक्षर काढीत नाही.

प्रथम हा पदार्थ मूळचा कोणाचा ते पाहू. आज तो सुखवस्तू घरातील रविवारचे जेवण झाला आहे. परंतु युरोपात भट्टीत शिजणाऱ्या अशा भांड्यांचा इतिहास गरिबांच्या बाजूचा आहे. घरोघरी भट्टी नसे. भट्टी असे ती पाववाल्याची. फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील आल्सास प्रांतात 'बेकऑफ' नावाचा पदार्थ आहे. नावाचा अर्थच 'पाववाल्याची भट्टी' असा होतो. बैल, मेंढी आणि डुक्कर यांचे मांस पांढऱ्या वाइनमध्ये मुरवून मातीच्या भांड्यात बटाटे-कांद्याच्या थरांमध्ये रचायचे आणि झाकणाची फट कणकेने लिंपून टाकायची. धुण्याच्या दिवशी बायका हे भांडे पाववाल्याकडे देऊन नदीवर जात, असे तिकडे सांगतात. यहुदी घरांत शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवायचा नसतो, म्हणून शुक्रवारीच भांडे भट्टीत जाई. डिकन्सच्या १८४३ सालच्या 'अ ख्रिसमस कॅरोल'मध्ये लंडनची गरीब माणसे आपापले जेवण घेऊन पाववाल्यांच्या दुकानांकडे निघालेली दिसतात. म्हणजे मंद आच ही मुळात राबणाऱ्या बाईची सोय होती. तिला वेळ नव्हता, म्हणून भांड्याने वेळ घ्यावयाचा.

आता हे चित्र आपल्या गावात ठेवून पाहा. गावाची एकच भट्टी आहे. तिच्यात पाटलाचे भांडे आहे, सोनाराचे आहे, आणि त्यांना खेटून महारवाड्यातले आणि मांगवाड्यातले आहे. कल्पना करता येते काय? आपल्याकडे सामायिक भट्टी नव्हती याची साधी कारणेही आहेत; आपण तव्यावरच्या भाकरीची माणसे, पावाची नव्हे. ते मला मान्य आहे. पण ज्या गावाला पाणवठा एक करता आला नाही, त्या गावाने भट्टी एक केली असती असे मानायला मी तयार नाही. युरोपातील तो समाज समतेचा होता, असेही यातून कोणी काढू नये. त्याच भूमीवर यहुद्यांचे पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. एवढेच म्हणायचे आहे की, दुसऱ्याच्या भांड्याचा विटाळ न मानणारी एक भट्टी जेथे होती, तेथे हा पदार्थ जन्माला आला; आणि 'सोपा' या शब्दात ती भट्टी बिनबोभाट येऊन बसली आहे.

महारवाड्याची मंद आच निराळी होती. चुलीच्या बाजूचा वैल, गोवरीचा धुमसता विस्तव, राखेखाली झाकून ठेवलेले निखारे. ही आच कोणी चवीसाठी निवडली नव्हती. वाट्याला येणारे जनावर हे नांगराला, मोटेला, गाडीला जन्मभर झिजलेले असे. अशा जनावराच्या स्नायूंना बांधून ठेवणारे जे चिवट द्रव्य असते, त्याला शास्त्रात कोलॅजेन म्हणतात. जनावर जितके वयाने मोठे आणि कष्टाने मोडलेले, तितके हे द्रव्य अधिक घट्ट विणलेले. खळखळ उकळीने मांसाचे धागे आक्रसतात, पाणी सोडतात आणि तुकडा दातांखाली दोरीसारखा होतो. तोच तुकडा साधारण सत्तर-ऐंशी अंशांच्या उष्णतेवर काही तास राहिला, तर हेच कोलॅजेन विरघळून जिलेटिन होते, मांस सुटे होते आणि रस्सा बोटांना चिकटतो. कोवळ्या जनावराचे मांस खाणाऱ्याला हे शास्त्र शिकावे लागत नाही. ज्याच्या पदरी म्हातारा बैल पडला, त्यालाच ते शिकावे लागले. गोवरी भडकत नाही, धुमसते. त्या धुमसण्याचा उपयोग ज्या बाईला कळला, तिला कोणी पाकशास्त्रज्ञ म्हटले नाही. आणि जेथे गोवरीही पुरत नसे, तेथे मांसाच्या पट्ट्या दोरीवर उन्हात वाळवून चान्या केल्या जात. चानी म्हणजे जळणाशिवायची मंद आच.

हे ज्ञान लिहिले कोठे गेले? लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० साली निघाले. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि मध्यमवर्गीय महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. 'रुचिरा'चे मोठे श्रेय असे सांगतात की, तिने 'अंदाजाने' ही भाषा टाकून वाटी आणि चमचा हे माप दिले. हे श्रेय खरे आहे; नवख्या मुलीला त्याने आधार दिला. पण वाटी हे भरलेल्या डब्याचे माप आहे. डब्यातून एक वाटी घ्यायची, तर डब्यात दोन वाट्या तरी असाव्या लागतात. महारवाड्याचे माप वाटी नव्हते, वाटा होता. जनावर पडले की येसकरपाळी कोणाची, घरे किती, कोणाच्या वाट्याला मान आणि कोणाच्या वाट्याला आतडी, हे आधी ठरे. पदार्थ त्यानंतर ठरे. ज्या समाजाचे माप वाटा आहे, त्याची कृती 'एक किलो खांद्याचे मांस घ्या' अशी सुरू होऊच शकत नाही. माझ्या कपाटात मराठी पाकपुस्तके बरीच आहेत. गाजराच्या वड्यांचे पाच प्रकार त्यांत मिळतात. मोठ्याच्या मटणाची कृती मला फक्त एका पुस्तकात मिळाली, त्याकडे मी पुढे येतो.

दलित आत्मकथनांनी मात्र हे मांस मराठी वाङ्मयात आणले. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) या पुस्तकांनी मराठी वाचकाच्या ताटाखालची जमीन हलविली. त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या आत्मकथनांत मांस बहुतेक वेळा साक्ष म्हणून येते: भुकेची साक्ष, अवहेलनेची साक्ष, गावाच्या क्रौर्याची साक्ष. जनावर कोणी ओढले, कोणी सोलले, वाट्यांवरून कोण कोणाशी भांडले हे आपण वाचतो. मडके चुलीवर चढले की पुरुष लेखक उठून बाहेर जातो. आत काय चालले आहे, मीठ केव्हा पडले, विस्तव केव्हा ओढून घेतला, हे त्याला दिसलेले नाही. आणि दिसले असले तरी ते वाङ्मयीन वाटलेले नाही. साथीत मेलेल्या जनावराचे मांस बायका कसे निवडून, साफ करून घेत हे बेबी कांबळे यांनी लिहिले, उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) कोकणातले स्वयंपाकघर दिसते. त्या दोघी बाया आहेत हा योगायोग नव्हे. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ साली 'इझन्ट धिस प्लेट इंडियन?' ही पुस्तिका काढली, तीही याच वाटेने गेली.

मग २०१५ साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले. मराठवाड्यातील महार आणि मांग यांच्या खाद्यसंस्कृतीवरचे हे पुस्तक आहे, आणि त्यात कृती आहेत. माफी न मागता दिलेल्या कृती. जनावराच्या एकेका भागाला त्याच्या बोलीतल्या नावाने हाक मारणे आणि ते कसे शिजते हे सरळ सांगणे, ही गोष्ट दिसते त्याहून धाडसाची आहे. शीर्षकात लेखकाने भांडणच पुकारले आहे. जेवणापूर्वी म्हणावयाच्या श्लोकातील 'पूर्णब्रह्मा'ला त्याने एक अक्षर जोडले आणि ज्याच्या ताटात काहीच पूर्ण नव्हते त्याची बाजू मांडली. २०२४ साली भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा' या नावाने निघाला. अनुवाद झाला हे उत्तमच. पण शीर्षक बदलताना भांडण गळाले आणि भूगोल उरला. मराठवाड्याची स्वयंपाकघरे, जशी गोव्याची किंवा केरळची. इंग्रजी वाचकाला श्लोक कळणार नाही, ही प्रकाशनाची अडचण मी समजू शकतो. नुकसान झाले ते झालेच.

येथे आपल्यातील काही कार्यकर्ते मला अडवतील, आणि त्यांचा आक्षेप गंभीर आहे. ते म्हणतील, बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृत मांस सोडा म्हणून सांगितले. आमच्या आज्यांनी ते सोडले, उपाशी राहिल्या पण घरात येऊ दिले नाही. आणि तुम्ही आता त्याच्या कृती छापा म्हणता? मी या आज्यांपुढे नम्र आहे. परंतु महाडला काय सोडावयास सांगितले होते, ते नीट वाचले पाहिजे. सोडावयाचे होते ते मेलेल्या जनावराचे मांस, कारण ते गावकीच्या दास्याचे वेतन होते. मढे ओढण्याच्या कामाशी ते बांधलेले होते. १९४८ च्या 'दि अनटचेबल्स'मध्ये बाबासाहेबांनी गोमांसाचा प्रश्न अस्पृश्यतेच्या उगमाशी जोडला आणि ब्राह्मण एके काळी गोमांस खात होते हे ब्राह्मणी ग्रंथांतूनच दाखविले. त्या ग्रंथाचा रोख पावित्र्याच्या कल्पनेवर आहे. मृत मांसाच्या त्यागाला जो कोणी शाकाहाराच्या श्रेष्ठत्वाची पावती करू पाहतो, तो महाडची लढाई मनूच्या खात्यावर जमा करतो. उना येथे जुलै २०१६ मध्ये मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना फटकावण्यात आले, तेव्हा गुजरातमधील दलितांनी मढी उचलणे बंद केले. तो महाडचाच वारसा होता, आणि त्यात कोणाच्या ताटाविषयी घृणा नव्हती.

उलट टोकाला बीफ महोत्सव आहेत. एप्रिल २०१२ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी असा महोत्सव केला आणि त्यांच्यावर हल्ला झाला. त्यांच्या बाजूने मी उभा आहे. पण ताट हे फलक झाले की, ते कोणी शिजविले, किती वेळ शिजविले आणि चवीला कसे झाले, हे कोणी विचारीत नाही. माणसाला घोषणा देताना जेवता येते. रोज तसे जेवता येत नाही. मला रोजचे जेवण हवे आहे.

म्हणून मी पुन्हा त्या 'घरच्या सर्वांसाठी' या शब्दांकडे येतो. आपल्या घरात सर्व एका भांड्यातले खातीलच असे नाही. १९५६ च्या दीक्षेनंतर वाढलेल्या एखाद्या आत्याने ते कायमचे वर्ज्य केलेले असते, तिच्यासाठी वेगळी डाळ लागते. सुनेच्या माहेरी खात नसतात. नातू वसतिगृहात खायला शिकून आलेला असतो. हे बखेडे इंग्रजी कृतीत नाहीत, पण आपल्या कृतीत ते यावेत, कारण तेच आपले कुटुंब आहे.

आणि 'सोपा'? महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी केली. मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांचीही त्यात भर पडली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, पण परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगण्याबद्दलचे कलम खासगी जीवनावरील आक्रमण म्हणून रद्द केले. त्यामुळे आज येथे बीफ म्हणून जे मिळते ते म्हशी-रेड्याचे. ते कायदेशीर आहे. पण भाड्याच्या खोलीत कायद्याची प्रत दाराला चिकटवून स्वयंपाक होत नसतो. सप्टेंबर २०१५ मध्ये दादरीजवळ नुसत्या संशयावरून जमावाने एका माणसाला त्याच्या घरातून ओढून मारले, तेव्हापासून शिजणाऱ्या भांड्याच्या वासाला एक नवा अर्थ आला आहे.

मंद आचेची खरी अडचण येथे आहे. प्रेशर कुकरमध्ये हेच मांस पाऊण तासात शिजते. खिडक्या लावल्या, वर उदबत्ती लावली की भागते. शहरात भाड्याने राहणारी आपली अनेक मुलेमुली असेच करतात, हे मी पाहतो. स्टू मात्र तीन-चार तास शिजतो आणि तेवढा वेळ जिन्यात, व्हरांड्यात, शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात जाऊन आपले नाव सांगत राहतो. ज्याला जात विचारली जाण्याची भीती नाही, त्यालाच हा पदार्थ सोपा आहे. मांस परवडते, गॅस परवडतो, रविवारी वेळही मिळतो. तीन तासांचा वास परवडत नाही. पाककृती लिहिणाऱ्यांना साहित्याच्या यादीत हे लिहावेसे वाटले नाही, कारण त्यांच्याकडे ते आधीपासून होते.

समीक्षकाने केवळ उणिवा दाखवाव्यात हे मला पटत नाही. म्हणून आमच्या घरी होते ती कृती येथे देतो.

म्हशीचे किंवा रेड्याचे मांस एक किलो, पिंडरीचे आणि मानेचे मिसळून, शक्य तर एक नळी. खाटकाला तुकडे मोठे, लिंबाएवढे नव्हे, मोठ्या कांद्याएवढे करायला सांगावेत. लहान तुकडे मंद आचेत चुरा होतात. फडक्याने कोरडे करून मीठ चोळावे आणि अर्धा तास ठेवावे. जाड बुडाच्या पातेल्यात चार चमचे तेल चांगले तापवून तुकडे थोडेथोडे करून सर्व बाजूंनी तांबूस करावेत. एकदम सगळे टाकले तर पाणी सुटते आणि रंग येत नाही. तुकडे काढून त्याच तेलात अर्धा किलो कांदा जाड चिरून परतावा, दहाबारा लसूणपाकळ्या, बोटभर आले, हळद, घरचे काळे तिखट दोन चमचे, दोन टोमॅटो. बुडाला जे करपट चिकटले असेल ते उलथन्याने खरवडून घ्यावे, रश्श्याचा रंग त्यातच आहे. मांस परत घालून गरम पाणी तुकड्यांच्या डोक्याच्या जरा खाली येईल इतकेच ओतावे.

एक उकळी येऊ द्यावी आणि मग झाकणाची कड कणकेने लिंपून ओव्हन असेल तर दीडशे अंशांवर ठेवावे. नसेल तर गॅस अगदी बारीक करून पातेल्याखाली जुना लोखंडी तवा सरकवावा. चूल असेल तर विस्तव ओढून घेऊन निखाऱ्यांवर ठेवावे आणि चार निखारे झाकणावर. आत उकळी खळखळता कामा नये. मधूनच एखादा बुडबुडा वर यावा, एवढीच आच. म्हशीचे मांस वयस्क असते, त्याला साडेतीन-चार तास लागतात. अडीच तासांनी कणीक फोडून गाजराचे आणि बटाट्याचे मोठे तुकडे टाकावेत, दोन चमचे येसूर थोड्या रश्श्यात कालवून घालावा आणि झाकण पुन्हा लावावे. बटाटे आधी टाकले तर विरघळून जातात. येसूर नसेल तर भाजलेले ज्वारीचे पीठ चालते, पण ती चव नाही.

शिजले की नाही हे सुरीने पाहू नये. पळीची कड तुकड्यावर दाबावी, धागे आपोआप सुटले पाहिजेत. उतरवल्यावर अर्धा तास तसेच राहू द्यावे. सहा जणांना पुरते, ज्वारीच्या भाकरीबरोबर, भाकरी ताटात कुस्करून. नळी ज्याला हवी त्याने आधी सांगून ठेवावे, आमच्याकडे त्यावरून अजून भांडणे होतात. उरले तर सकाळपर्यंत रस्सा थिजून वडीसारखा होतो. तो तसाच शिळ्या भाकरीवर घालून तव्यावर गरम करावा.